हरलेल्या पक्षाचे पेढे

मीरासाहेब आमच्या खानावळीत पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला मिरजेचा ठरवून टाकलं. नावच तसं. मिरजेच्या दर्ग्याला नवस बोलून झालेल्या पोराचं नाव मीरासाहेब ठेवतात, हे आमच्याकडं कुणालाही ठाऊक. रहाटणीचा भिमाजी भाजी-माळवं घेऊन यायचा, त्याने तर पाटी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "पाव्हनं, मिरजंत कंच्या गल्लीत ऱ्हायला?" तो हसला आणि त्याने मान हलवली. ती मान आडवी हलली की उभी, ते कुणाला कळलं नाही. भिमाजीने ते 'व्हय' असं धरलं आणि दोन दिवस सगळ्या पिंपरीभर मिरजेचा पाहुणा आलाय म्हणून सांगत फिरला.

तो मिरजेचा नव्हता, सिलोनचा होता. छप्पन सालची गोष्ट. पिंपरीत औषधाचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता. वारा फिरला की आंबलेल्या पिठासारखा वास आमच्या चुलीपर्यंत यायचा. औषध कसं तयार करतात ते शिकायला सिलोन सरकारने या माणसाला सहा महिन्यांसाठी धाडलं होतं. पोरगेलासा, काळासावळा, कपाळ मोठं, शर्टाची गळपट्टी कायम बंद. हिंदुस्थानी बोलायचा, पण अगदी तोडकंमोडकं. मराठी त्याला थोडं कळायचं, बोलायचा मात्र नाही.

मी मूळची निपाणीची. नवरा कारखान्याच्या बांधकामावर मुकादम होता, विषमज्वराने गेला. माहेरी परतायचं सोडून मी इथंच चूल मांडली. भाऊ एकदा 'ये' म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला नाही. मग काय, रोज वीस माणसांना वाढायचं आणि शेवटी भिंतीकडं तोंड करून आपण जेवायचं. सगळे मला मावशी म्हणत. मीरासाहेब एकटा अक्का म्हणायचा. त्यांच्या भाषेतही तो शब्द आहे म्हणे. निपाणी सुटल्यापासून मला कुणी अक्का म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या पानावर एखादी भाकरी जास्त पडत असेल तर पडत असेल, त्यात लपवायचं काय?

ते वर्षच सगळं सीमांचं होतं. मुंबई कुणाची, बेळगाव कुणाचं, कारवार कुणाचं. पंगतीत बसलेला प्रत्येक जण भाताचे ढीग करून महाराष्ट्राचा नकाशा काढायचा. त्यात सर्वांत मोठा आवाज उद्धवरावांचा. ते कारखान्यात स्टोअरला होते, नगरकडचे, वसाहतीच्या गणेश मंडळाचे सेक्रेटरी. माणूस दिलदार. कुणाचं आजारपण असो, बारसं असो, उद्धवराव पुढे. फक्त गप्प बसणं त्यांना जमत नसे. मला रोज विचारायचे, "मावशी, बोला, निपाणी कुणाची?"

"निपाणी ऱ्हाऊ दे निपाणीत," मी म्हणायचे. "तुमी जेवायला बसा की."

अशातच वर्तमानपत्रात ते बेट आलं. कच्चतीवू असं काहीतरी नाव. हिंदुस्थान आणि सिलोन यांच्यामधल्या समुद्रात एवढंसं बेट, सिलोनचं सैन्य तिथं बॉम्बचा सराव करणार म्हणून बातमी, आणि दिल्लीच्या लोकसभेत त्यावर प्रश्न. उद्धवरावांनी ती बातमी पंगतीत मोठ्यांदा वाचून दाखवली. कालपर्यंत ज्यांनी त्या बेटाचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांचाही आज त्यावर जीव जडला. सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या मीरासाहेबाकडं वळल्या.

"काय मीरासाहेब, बेट कुणाचं?"

"भाऊ, आमटी आज बहुत अच्छी है."

"आमटी आमची. बेट कुणाचं ते सांगा!"

"दोनों सरकार बात कर रहे हैं," तो म्हणाला, आणि पुन्हा तशीच मान हलवली.

लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग लोकांचं हसू आटायला लागलं. कुणी त्याला गुळमुळीत म्हणू लागलं, कुणी पोटात एक ओठात एक असलेला. त्याच्या शेजारी बसायला लोक टाळू लागले असं नाही, पण तो आला की बोलणं बदलायचं. त्यालाही ते कळायचं. तो मग सगळे उठल्यावर यायला लागला. पंगत उठलेल्या ओल्या जमिनीवर एकटा पाट मांडून बसायचा, आणि मी चुलीपाशी.

एका रविवारी दुपारी मी मागच्या पायरीवर चाकणचे कांदे निवडत होते. तो येऊन शेजारी बसला आणि कांद्याची साल काढत आपणहून बोलू लागला. मी त्याला बेटाचं कधी काही विचारलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक.

त्या बेटावर कुणीच राहत नाही, तो म्हणाला. प्यायला पाणी नाही. एक लहानसं ख्रिस्ती देऊळ आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची जत्रा भरते. दोन्हीकडचे कोळी होड्या घेऊन येतात. यांचे लोक मुसलमान, पण जत्रेत बांगड्या-भांडी विकायला जायचे. त्याची थोरली बहीण जमिला रामेश्वरला दिलेली. तिच्या नवऱ्याचं देवळाच्या रस्त्याला शंख-शिंपल्यांचं दुकान. पूर्वी बोटीत बसलं की तासा-दोन तासांत बहिणीच्या गावच्या बाजूला उतरायचं. मग कागदपत्रं आली, शिक्के आले. तेव्हापासून भाऊ-बहीण वर्षातून एकदा त्या जत्रेत भेटायचे. त्याला आईचं तोंड आठवत नव्हतं, जमिलानेच त्याला वाढवलेलं. पुढे त्याला सरकारी नोकरी लागली आणि जत्रेला जाणंही बंद झालं.

"का बंद?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पायरीवर आम्ही दोघं आणि एक मांजर. त्यांच्याकडं म्हणे तेव्हा माणूस इथला की तिथला याची छाननी चालली होती. ज्याचं कोणी हिंदुस्थानात, तो हिंदुस्थानी ठरायचा, आणि हिंदुस्थानी ठरला की नोकरी गेली, देशही गेला. इकडं पाठवण्याआधी वरच्या साहेबाने त्याला समोर बसवून विचारलं होतं, हिंदुस्थानात तुझं कोण आहे? आणि तो म्हणाला होता, कोणी नाही.

"झूठ बोला, अक्का. एक बार बोला, तो अब हर बार बोलना पड़ता है."

आल्या आल्या त्याने जमिलाला इथला पत्ता कळवला होता. मग बेटाची बातमी आली तशी त्याने घाबरून 'येऊ नको, कुणाशी बोलू नको' असंही कळवलं. सहा महिने सरळ गेले, नोकरी पक्की झाली, की पुढच्या जत्रेला कसंही करून जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यासाठी तो तोंडात मूग धरून बसला होता. लोकांना वाटायचं हा सिलोनची बाजू राखतोय. तो राखत होता ती फक्त एक दिवसाची भेट.

मला माझा निपाणीचा भाऊ आठवला. आमच्यामध्ये समुद्र नव्हता, एस.टी. होती. पण मी त्याला ते काही सांगितलं नाही.

भाद्रपद आला, गणपती बसले. वसाहतीच्या मंडळाने पुण्याच्या धर्तीवर अभिरूप न्यायालय करायचं ठरवलं. म्हणजे खोटं खोटं कोर्ट. खोटा न्यायाधीश, खोटे वकील, विषय मात्र खरा, आणि शेवटी निकाल. उद्धवरावांनी विषय काढला, हिंदुस्थान विरुद्ध सिलोन, वाद बेटाचा. हिंदुस्थानचे वकील अर्थात उद्धवराव स्वतः. सिलोनचा वकील शोधायला तरी कुठं जायचं? तयार माणूस खानावळीत जेवत होता! आणि आमच्या लोकांची रीत अशी की, ज्याचा मान करायचा त्याला विचारायचं नसतं. आधी पत्रिका छापायची, मग ती नेऊन त्याच्या हातात ठेवायची आणि त्याचा चेहरा खुलतो का ते बघायचं.

उद्धवरावांनी लाल अक्षरांतली पत्रिका माझ्यासमोरच मीरासाहेबाच्या हातात दिली. 'सिलोनचे प्रतिनिधी श्री. मीरासाहेब.' चेहरा खुलला नाहीच, पांढराफटक पडला.

तो सरळ नाही म्हणाला असता तर उद्धवराव रुसले असते आणि दोन दिवसांत विसरलेही असते. पण सरळ नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो म्हणाला, मला भाषा येत नाही. उद्धवराव म्हणाले, हिंदीत बोला. तो म्हणाला, माझी तब्येत बरी नाही. उद्धवरावांनी डॉक्टर आणला. तो म्हणाला, मी नुसता कारकून होऊन कोर्टाचं कामकाज लिहून घेतो. उद्धवराव खदखदून हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो राव, खेळ आहे हा! आणि तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून आम्ही मुंबईहून तुमच्या सरकारचा माणूसही बोलावलाय. प्रमुख पाहुणे! ते येतो म्हणालेत."

त्या माणसाने हे इतक्या मायेने केलं होतं, की माझ्या हातातला चिमटा त्याला मारावा की ओवाळावा हेच मला कळेना.

वर आणखी उद्धवरावांनी शेवट बसवला होता. मीरासाहेबाला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, निकाल आमच्या बाजूने लागणार, ते सोडा. पण शेवटी मी तुम्हाला विचारणार, हिंदुस्थानात तुमचं कोण आहे? तुम्ही म्हणायचं, सगळा हिंदुस्थान माझाच आहे! बास, लोक डोक्यावर घेतील तुम्हाला." मीरासाहेबाने मान हलवली. उद्धवरावांनी ती उभी धरली.

प्रमुख पाहुणे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मोटारीने आले. गोरेगोमटे, पांढरा कोट, बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागायचं. त्यांनी गणपतीला हात जोडले, कारखाना पाहिला, जे जे दाखवलं त्याला छान म्हटलं. बेटाचं नाव कुणी काढलं की ते हवापाण्याचं बोलायचे. मी चहा घेऊन गेले तेव्हा मीरासाहेब त्यांच्यापुढे शाळेतल्या पोरासारखा उभा होता. काय बोलायचं आणि काय नाही, ते साहेब त्याला समजावत होते. नंतर त्याने मला थोडक्यात सांगितलं. होय म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस, रागावू नकोस, आणि आपल्याला प्रेम आहे असंही म्हणू नकोस. आपला देश लहान आहे, आपण नुसता वेळ मागायचा.

"आणि शेवटचा सवाल?" मी विचारलं.

त्याने शर्टाची गळपट्टी चाचपली आणि तो मंडपाकडं निघाला.

दुपारी मी भांडी आवरत होते. दारात टांगा थांबला. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा उतरला, त्याच्यामागे बुरख्यातली बाई. म्हाताऱ्याने पत्त्याची चिठ्ठी पुढे केली. बाईने तोंडावरचा पडदा वर केला. तेच मोठं कपाळ.

"जमिला?" मी म्हटलं.

तिने मान हलवली. तशीच.

म्हाताऱ्याने खुणांनी आणि चार शब्दांत सांगितलं. गावचा जथा अजमेरला निघालाय, पुण्याला मुसाफिरखान्यात उतरलाय, आज रात्रीची गाडी आहे. संध्याकाळी दिवे लागले की तो तिला न्यायला येईल. एवढं बोलून तो टांग्यात बसून गेला.

मी तिला आत घेतलं आणि मागचं दार लावलं. "भाई काम पे है. खाना खाओगी?" असं माझ्या हिंदीत विचारलं. ती नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मी म्हटलं, झालं, हिला तर हिंदीही येत नाही! मग आम्ही दोघी हातवाऱ्यांवर आलो. तिने पिशवीतून एक लहानसा शंख काढला, त्यांच्या दुकानातला असणार, आणि कोनाड्यातल्या माझ्या गणपतीकडं बोट करून माझ्या हातावर ठेवला. मी तो गणपतीपुढं ठेवला. तिला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. ती खात होती आणि पुनःपुन्हा दाराकडं बघत होती.

मी पदर खोचून मैदानात गेले. मंडपात खुर्च्या मांडायचं चाललं होतं. मीरासाहेब साहेबांच्या शेजारीच. मी लांबून म्हटलं, "पाव्हनी आलीया घरला. दिवं लागंस्तोवर हाय."

त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं रक्त उतरलं आणि पुन्हा चढलं. साहेबांनी हळूच इंग्रजीत काहीतरी विचारलं. तो त्यांना काहीतरी म्हणाला आणि मला म्हणाला, "अक्का, मेहमान को खाना दो. मैं प्रोग्राम छोड़ के नहीं आ सकता." मग पाठ वळवली.

असा राग आला मला! पण त्याच्यावर येईना, साहेबावर येईना, उद्धवरावावरही येईना. राग करायलासुद्धा कुणी मिळू नये, असा तो दिवस होता. घरी आले आणि पेटी उघडली. माझं हिरवं लुगडं काढलं, जमिलाला नेसवलं, डोक्यावरून पदर घेतला, कपाळाला काही लावलं नाही. म्हटलं, तो इथं येऊ शकत नाही ना, तर तू तिथं चल. बायकांत बसून निदान डोळे भरून बघ त्याला. ती मुकाट्याने नेसली आणि मुकाट्याने माझ्यामागून आली.

मंडपात बायकांच्या बाजूला आम्ही मागच्या सतरंजीवर बसलो. कोर्ट सुरू झालं. उद्धवराव काळा कोट घालून असे काही बोलले, की वाटावं बेट त्यांच्या आजोबांनीच समुद्रात ठेवलं. राजांचे दाखले, जुने नकाशे, सगळं आलं. टाळ्यांवर टाळ्या. मीरासाहेब उभा राहिला आणि म्हणाला, "मेरे पक्ष को थोड़ा समय चाहिए."

न्यायाधीश झालेले शाळेचे मास्तर म्हणाले, "किती वेळ?"

"वहाँ का मेला हो जाए, तब तक."

मंडप हसला. पहिल्या रांगेतले साहेबही हसले, बेताने. त्यातलं खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. मी शेजारी बघितलं तर जमिला मांडीवर हात ठेवून, ओठ घट्ट मिटून भावाकडं बघत होती.

मास्तरांनी हिंदुस्थानच्या बाजूने निकाल दिला. फटाक्यांची एक माळ उडाली. मग उद्धवराव पुढे आले, मीरासाहेबाच्या खांद्यावर हात टाकला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "खटला संपला. आता शेवटचा सवाल, वकील म्हणून नाही, भाऊ म्हणून. इस हिंदुस्थान में आपका कौन है?"

मंडप त्या उत्तरासाठी टाळ्या धरून बसला. खानावळीतल्या सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. उद्धवरावांनीच ते पंगतीत फोडलं होतं.

मीरासाहेबाने पहिल्या रांगेकडं पाहिलं. साहेब दोन्ही हात मांडीवर जुळवून शांत बसले होते. 'सगळा हिंदुस्थान माझा' म्हणावं तर साहेबापुढं गेलाच तो. खरं उत्तर बायकांच्या सतरंजीवर माझं लुगडं नेसून बसलेलं. त्याने ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

"कोई नहीं," तो म्हणाला.

लोकांना वाटलं तो पुढे काहीतरी म्हणेल. उद्धवरावांचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला, मग हळूच खाली आला. खानावळीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. चार महिने आमचं अन्न खाल्लं आणि कोणी नाही! साहेबांनी मात्र मान डोलावली आणि टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या. जमिलानेही वाजवल्या.

ते मला बघवलं नाही. तिने माझ्याकडं वळून भुवया उंचावल्या, काय म्हणाला तो? मी काय सांगणार? मी माझ्या छातीवर हात ठेवला, तिच्याकडं बोट केलं, स्टेजकडं बोट केलं आणि दोन्ही बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली. म्हणाला, ती माझी बहीण आहे. तिने मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला. तिचा हात गार पडला होता.

मंडळाने आधीच ठरवलं होतं, या कोर्टात हरलेल्या पक्षाने सगळ्यांना पेढे वाटायचे. हसतखेळत सगळं विसरायचं, म्हणून. पेढे मंडळाचे, वाटणारा हात तेवढा हरलेल्याचा. साहेब आणि मीरासाहेब परात घेऊन उभे राहिले. पुरुषांनी हात पुढे केले, पण त्याच्या तोंडाकडं कुणी बघेना. मग बायकांची रांग लागली. मी जमिलाला माझ्यापुढं घातलं.

तिची पाळी आली. तिने पदराआडून हात पुढे केला. मीरासाहेबाची नजर त्या हातावर गेली, हाताच्या मागे पदरात गेली. शेजारी साहेब दुसऱ्या बाईला पेढा देत, हसत काहीतरी विचारत होते. मला वाटलं हा आता रडणार, नाहीतर निदान दोन पेढे देईल. त्याने एकच ठेवला. सगळ्यांना एक, तिलाही एक. तिने तळहात मिटला नाही, तसाच धरून राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, सरका की पुढं!" मग ती सरकली.

दिवेलागणीला म्हातारा टांगा घेऊन आला. जमिलाने माझं लुगडं नीट घडी करून पाटावर ठेवलं, बुरखा चढवला. पेढा रुमालाच्या गाठीत बांधून घेतला. जाताना माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. टांगा पुण्याच्या रस्त्याला लागला तेव्हा मंडपात अजून साहेबांचं आभारप्रदर्शन चाललं होतं.

त्या रात्री पंगत नेहमीसारखी बसली, पण कुणी नकाशे काढले नाहीत. उद्धवराव जेवायला आले नाहीत, डबा मागवला. सगळे उठून गेल्यावर, साहेबांची मोटार गेल्यावर, मीरासाहेब आला. त्याने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. पाटावरचं हिरवं लुगडं पाहिलं. मग आपला पाट मांडून बसला. मी वाढलं. त्याने घास उचलला नाही.

"अक्का, वो समझी क्या? मैंने जो बोला?"

"न्हाई रे बाबा," मी घाईघाईने म्हटलं. "तिला कुठलं हिंदी येतंय? मी खुणेनं सांगितलं, भाऊ म्हनला ही माझी बहीण. बरं वाटलं तिला. टाळ्या वाजवल्या की तिनं!"

त्याच्या भातातली वाफ निघून गेली.

"दुकान में वही बैठती है, अक्का. रामेश्वर में काशी का यात्री आता है, दिल्ली का आता है. सबसे वही बात करती है." त्याने पाण्याचा तांब्या सरळ केला, पुन्हा सरळ केला. "मेरे को हिंदी उसी ने सिखाया."

मी माझं ताट घेतलं. त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून बसले नाही. त्याच्यासमोर पाट टाकला, आणि आम्ही दोघं थंड भात जेवलो.